आबाच्या वाट्याला आलेला डबा

मंजुळाबाई दोनदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा सगळं गाव रडलं. दुसऱ्यांदा गेली ते वर्षश्राद्धाच्या तोंडावर, माजलगावात, धाकट्या अजिनाथच्या मोबाईलच्या दुकानात कळलं, आणि तेव्हा रडायला कुणाला सवड मिळाली नाही. आधी भांडण उरकायचं होतं.

तिचा नवरा त्रिंबक त्या वेळी धाकट्याच्या पाळीत होता. वाटणी झाल्यापासून म्हातारा पाळीपाळीनं राहायचा. कधी वडवणीकडच्या गावी थोरल्या अंगदकडं, कधी इथं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. बाकावर बसल्या बसल्या तो म्हणाला,

"आजू, तुझ्या आईचा एखादा मेसेज लाव रं. वरीस होत आलं. आवाज इसरल्यावानी व्हाया लागलाय."

अजिनाथ खाली मान घालून कुणाच्या तरी फोनची काच बसवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"लावतो की. नंतर."

"नंतर कावून? मी कुठं लग्नाचा व्हिडिओ मागतोय."

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन अजिनाथची बायको योगिता आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "मामा, ती डिस्क रिकामी हाय. वाटणीपासून रिकामी हाय. ह्यांनी तुमाला सांगितलं न्हाई."

त्रिंबकला आधी कळलंच नाही. मंजुळाबाईला लिहिता येत नव्हतं. दिवाळी झाली की त्रिंबक मेंढरं घेऊन माजलगावच्या पाटाखाली यायचा, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पाऊस जवळ आल्यावरच परतायचा. गुडघा गेल्यापासून ती घरीच राहायची. मग लेकीनं तिला फोनात बोलून मेसेज पाठवायला शिकवलं. बटन दाबून धरायचं आणि बोलायचं, एवढं तिला आलं. सोडायचं मात्र ती विसरायची. त्यामुळं तिच्या मेसेजात निम्मं बोलणं नवऱ्याशी असायचं, उरलेलं कोंबड्यांशी. शेवटी ठरलेलं वाक्य, "ऐकलं का? हूं तरी म्हणा." त्रिंबक हूं म्हणायचा नाही. चार धनगरांत बसून फोनला काय हूं म्हणायचं? तो अंगठा पाठवायचा.

ती गेली तेव्हा त्याचा फोन तिच्या आवाजानं आणि नातवंडांच्या फोटोंनी गच्च भरून बंद पडायला आला होता. लेकीचा नवरा सोमनाथ चौसाळ्याचा. एका कारखान्याच्या हापिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं तिथला मोडीत निघालेला कॉम्प्युटर आणला, त्यात दोन नव्या डिस्क बसवल्या, वायफायला जोडला, आणि सगळ्यांच्या फोनातलं सगळं त्या डब्यात पडू लागलं. अंगदच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ, अजिनाथचे जमिनीचे कागद, आणि मंजुळाबाई. "आता काय बी जात न्हाई," म्हणून सगळ्यांनी आपापले फोन रिकामे केले. त्रिंबकचा फोन सगळ्यांत आधी रिकामा झाला. आता त्याच्यात कंपनीचेच मेसेज यायचे.

"रिकामी?" त्रिंबक म्हणाला. "मग तुझी आई कुठं गेली?"

"दादाकडं गेली," अजिनाथ म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला. "वाटे त्यानंच केले व्हते ना? मला रिकामी डिस्क दिली आन् भरलेली स्वतः ठिवली. मी काय बोललो? कायच न्हाई. आईवरून भांडायचं न्हाई म्हणून गप बसलो."

"थोरल्यानं वाटे करायचे आन् धाकट्यानं आधी उचलायचं, ही आपली रीत हाय. उचलली तू."

"वरून सारख्याच दिसत व्हत्या, आबा!"

त्रिंबकनं फोन लावायला लावला. अजिनाथनं लावला, आवाज मोठा करून ठेवला. अंगद रानात होता. मागं मेंढरांचा गलका चालला होता.

"दादा, आईची डिस्क तुझ्याकडं हाय का?"

पलीकडं नुसती मेंढरं ओरडली. मग अंगद म्हणाला, "माझ्याकडं कशी असंल? माझी तर रिकामी हाय. मला वाटलं भरलेली तू उचलली. तुझी दिपालीवहिनी म्हणली, जाऊ द्या, धाकटा हाय, आईचा लाडका हाय, असू द्या त्याच्याकडं."

म्हणजे वाटणीपासून इतके महिने दोघे भाऊ एकमेकाला चोर समजत होते, आणि दोघंही मोठ्या मनानं माफ करून बसले होते. त्रिंबकला दोन लेकांचा एवढा समजूतदारपणा जन्मात कधी दिसला नव्हता. दिसला तो नको तिथं.

संध्याकाळी लेकीला फोन गेला. संगीतानं ऐकून घेतलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"मामा," सोमनाथ म्हणाला, "तुमी डिस्का वाटून घेतल्या?"

"व्हय. दोन लेक, दोन डिस्का. पंच म्हणले, ह्याच्यात भांडायलाच जागा न्हाई."

"आन् डबा?"

"डबा माझ्या वाट्याला आला. अंगदच्या घरी माझ्या खाटंखाली हाय. दिवा लागतो त्याचा. मी बंद केला न्हाई कधी."

पलीकडं सोमनाथनं मोठा श्वास सोडला. "तुमी मला एक फोन तरी करायचा व्हता."

"वाटणीला जावाई बोलवत नसत्यात, दाजी," अजिनाथ मधेच म्हणाला.

"बरोबर हाय. नसत्यात बोलवत," सोमनाथ म्हणाला. तेवढ्यासाठी तो वाटणीपासून रुसून होता, हे आता सगळ्यांना कळलं. "आता ऐका. डबा बसवताना मी अंगदरावाला इचारलं व्हतं. दोन्ही डिस्कांवर सारखंच ठिवायचं का? एक गेली तर दुसरी ऱ्हाती. तर ते काय म्हणले?"

त्रिंबकला आठवलं. तो तिथंच बसला होता. अंगद म्हणाला होता, दोन बैल इकत आणून एक दावणीलाच बांधून ठिवायचा का? दोन्ही जुंपा. आणि सगळे हसले होते, त्रिंबकसुद्धा.

"मग मी दोन्ही जुंपल्या," सोमनाथ म्हणाला. "जागा दुप्पट झाली. पर त्याच्यात प्रत्येक गोष्टीचा एक तुकडा ह्या डिस्कवर जातो, एक तुकडा त्या डिस्कवर. मामींचा एक मेसेज घ्या. एक शब्द अंगदरावाच्या घरी, दुसरा आजूच्या दुकानात. एकटी डिस्क लावली की कॉम्प्युटरला काय कळत न्हाई, तो म्हणतो रिकामी हाय."

"म्हंजी आई दोघांकडं बी हाय?" अजिनाथनं विचारलं.

"दोघांकडं बी न्हाई. दोन्ही डिस्का डब्यात परत गेल्या तर हाय. फॉर्मॅट करा म्हणून आलं असंल, ते कुणी दाबलं का?"

योगिता म्हणाली, "हे दाबत व्हते. मी हात धरला. म्हणलं, थोरल्या जाऊबाईला इचारल्याबगर आईच्या वाट्याचं काय पुसू नका, उद्या माझ्यावर येईल."

त्रिंबकनं सुनेकडं बघितलं. भांडणाच्या भीतीनं का होईना, हात तर धरला होता.

*

वर्षश्राद्ध गावी, अंगदच्या घरी. पंगत उठली, भाऊबंद पान खाऊन वाटेला लागले आणि घरची तेवढी माणसं राहिली. त्रिंबकनं खाटेखालून डबा ओढून मधल्या खोलीत ठेवला. वाटणीपासून तो आपला हिरवा दिवा लावून बसला होता. रात्री खाटेवरून हात खाली सोडला की डबा कोमट लागायचा. पोटात काही नसताना एवढं कोमट राहायचं म्हणजे कमालच, असं त्रिंबकला वाटायचं. आणि मग स्वतःचीच आठवण यायची.

अजिनाथनं आपली डिस्क पिशवीतून काढली. फुगे असलेल्या प्लास्टिकात गुंडाळून, शिसपेन्सिलीनं नाव टाकून. दुकानदार माणूस.

"दादा, तुझी आण."

अंगदनं बायकोकडं बघितलं. दिपाली देवघराकडं गेली आणि ओच्यात काहीतरी घेऊन आली. डिस्क पिवळीधमक झाली होती. वर हळद, त्यावर कुंकू, कुंकवावर दोन तांदूळ चिकटलेले.

"वहिनी, हे काय?" संगीता म्हणाली.

"टाकांशेजारी ठिवली व्हती," दिपाली म्हणाली. देवघरात सासऱ्याच्या आईबापाचे चांदीच्या पत्र्यावर घडवलेले टाक होते, त्यांच्या पंक्तीत तिनं ही बसवली होती. "रिकामी तर रिकामी, आत्याबाईंच्या नावानं वाट्याला आलीय ना. टाक घडवायचा ऱ्हायलाय, म्हणलं तवर हेच. घटाला समद्या टाकांना चिंचेनं घासून आंघोळ घातली."

सोमनाथचं तोंड उघडं राहिलं. "हिला बी?"

"न्हाई वो दाजी! एवढी अडाणी हाय का मी? हिला नुसतं वल्लं बोट लावलं."

त्रिंबक मनात हसला. सासू जिवंत होती तोवर ह्या दोघी एका चुलीवर धड भाकरी भाजू शकल्या नव्हत्या. रोज एक जण रुसायची. आणि आता ही तिला रोज कुंकू लावत होती. मेलेल्या सासूला उत्तर देता येत नाही, ही सोय असतेच. पण रोज लावत होती, हेही खरं.

सोमनाथनं दात घासायचा जुना ब्रश मागून घेतला आणि डिस्कच्या तोंडातली हळद काढत बसला. संगीता उंबऱ्याजवळ बसली होती. तिच्या मांडीवर एक नवी डिस्क होती, खोक्यातली, अजून न उघडलेली.

"ती कशाला आणली, ताय?" अजिनाथनं विचारलं.

"वाटणीच्या वेळी काय म्हणले व्हते मी? रान नको, मेंढरं नको. सह्या पायजे तिथं करते. आईचा आवाज तेवढा एका डिस्कमधी भरून द्या. तर दादा काय म्हणला?"

अंगद भिंतीकडं बघत होता.

"म्हणला, आई काय कुठं पळून जातीय का? ऐकावं वाटलं की माहेरी ये, चहा पी, ऐक. म्हणून आज माझी मीच आणली."

स्वयंपाकघरात कुकरनं शिटी मारली. सोमनाथनं दोन्ही डिस्क डब्यात बसवल्या, झाकण लावलं आणि बटन दाबलं. हिरवा दिवा लागला, त्याच्या शेजारी अजून दोन लागले. डबा गुणगुणायला लागला आणि त्या गुणगुणण्यात बारीक आवाज आला. टक. टक.

"हे काय वाजतंय?" त्रिंबक म्हणाला.

"अंगदरावाची डिस्क," सोमनाथ म्हणाला. तो घाईघाईनं आपल्या लॅपटॉपवर काहीतरी बघत होता. "ओल गेली असंल आत. न्हाईतर हबकली असंल. पर हाय, मामा. समदं हाय! मामींचे मेसेज हायेत, लग्न हाय, कागद हायेत. आता टाइम घालवू नका. ही टकटक चांगली न्हाई. आधी मामींचं संगीताच्या डिस्कवर घेतो. लई बारकं हाय ते, चहा व्हायच्या आत होईल."

"थांबा," अंगद म्हणाला. "बारकं हाय तर मागून बी होईल. आधी लग्नाचं घ्या. मोठं काम आधी. माझ्या पोरीच्या लग्नाची दुसरी प्रत कुठंच न्हाई. फोटोवाल्यानं त्याची बी पुसली."

"आन् माझे मोजणीचे कागद?" अजिनाथ म्हणाला. "बांधाची केस तुझ्यासंगंच चालू हाय, दादा. ते कागद मागं पडावेत अशीच तुझी इच्छा दिसती."

"बघा आबा, बघा! आईच्या वर्षश्राद्धाला बांध काढला ह्यानं."

"लग्नात बी आई हायच की," अंगदनं सोमनाथला सांगितलं. "दुखरा गुडघा घिऊन नाचतीय चांगली. दिसंल तरी."

"बँजोच्या आवाजात काय ऐकू येतंय, दादा?" संगीता म्हणाली.

तेव्हा त्रिंबकला एक गोष्ट दिसली. आपल्या दोन्ही सुना, ज्या वाटणीपासून एकमेकींच्या ताटाला हात लावत नव्हत्या, त्या अंगदच्या बाजूनं बोलायला लागल्या.

"आधी लग्नाचं घ्या की दाजी," दिपाली म्हणाली.

"व्हय, लेकीचं लगीन हाय," योगिता म्हणाली. "मेसेज काय, मागून बी ऐकता येतील. एकटं बसून."

एकटं बसून. त्रिंबकला कळलं. सासू नवऱ्याला काय काय सांगत होती, हे दोघींना चांगलं माहीत होतं, आणि ते सगळ्यांसमोर वाजावं असं दोघींना वाटत नव्हतं. त्यांना कोण सांगणार की मंजुळाबाईनं सगळ्यांत जास्त शिव्या ज्याला घातल्या तो समोरच बसला आहे?

"घ्यायचं ते घ्या," तो म्हणाला. "आधी एक मेसेज लावा. कोणता बी. मग घाला गोंधळ."

डबा म्हाताऱ्याच्या वाट्याचा होता. नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. सोमनाथनं हाताला लागला तो मेसेज लावला. योगितानं हळूच आपला फोन मांडीवर उभा धरला आणि बटन दाबलं. ते त्रिंबकला दिसलं. थोरलीचं काही निघालं तर धाकटीला ते जपून ठेवायचं होतं.

"हॅलो. लागलं का? आवं, ती कानतुटी मेंढी लंगडत व्हती, तिचा खूर बघितला का? हळद लावा. आन् सकाळची गोळी घ्या, तुमी इसरता."

खोलीत मंजुळाबाई बोलत होती. खोकला तोच, शब्दाच्या शेवटी दम लागायचा तोही तोच.

"आईचा आवाज बारीक यितोय," अजिनाथ म्हणाला.

"गप की बे, ऐकू दे," अंगद म्हणाला.

"इकडं बरं हाय. थोरलीनं काल गुडघा शेकून दिला. बोलत न्हाई, तोंड करून बसती, पर शेक देती. धाकटी आलीय माजलगावहून. आल्यापसून फोनात तोंड. सासू मेली तर फोनातच बघंल ती."

दिपालीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते कळत नव्हतं. योगितानं तरी फोन बंद केला नाही.

"हाड! हाड, ए कोंबडे! भाकरीत तोंड घालती, रांड. आवं, ऐकलं का? हूं तरी म्हणा."

"हूं," त्रिंबक म्हणाला.

कुकरची शिटी झाली. कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

"आता घ्या," अंगद म्हणाला. "आता लग्नाचं घ्या."

"मामींचं घेतो आधी," सोमनाथ म्हणाला.

"घर माझं, वीज माझी, टकटकती डिस्क बी माझी," अंगद म्हणाला. "मोठं आधी."

सोमनाथनं त्रिंबककडं बघितलं. त्रिंबकला बोलायचं होतं. पण कानात अजून ती कोंबडी हाकलत होती, आणि त्या नादात त्यानं नुसता हात हलवला. घ्या काय घ्यायचं ते, अशा अर्थानं. आयुष्यभर घरातल्या भांडणात त्यानं असाच हात हलवला होता. निस्तरायला ती असायची.

लग्नाची प्रत सुरू झाली. टक टक टक. मग मधेच एक लांब खरखर झाली, जात्यात खडा सापडावा तशी. तीन दिव्यांतला एक विझला. सोमनाथनं बटनं दाबून बघितली, डबा बंद करून चालू केला, डिस्क काढून पुन्हा घातली. शेवटी हात मांडीवर ठेवले.

"गेली," तो म्हणाला.

"कुठवर आलतं?" अंगदनं विचारलं.

"हळदीपर्यंत. पर अर्धं उघडत न्हाई, अंगदराव. लग्न बी गेलं, कागद बी गेले, आन्..."

संगीता उठली. नवी डिस्क तिनं परत खोक्यात घातली, खोकं पिशवीत घातलं. ती रडली नाही, आणि तेच त्रिंबकला लागलं. तिची आईही अशीच होती. राग आला की आवरायला घ्यायची.

"ताय, बस," योगिता म्हणाली. तिचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. "माझ्याजवळ हाय. एक हाय."

"काय हाय?"

"आता वाजलेला. मी भरून घेतला फोनात."

"कावून?" दिपालीनं विचारलं.

योगितानं नुसता आवाज मोठा केला, आणि दिपालीनंही पुन्हा विचारलं नाही. फोन मधोमध ठेवला. सगळे वाकून ऐकायला लागले. मंजुळाबाई आता लांबून बोलत होती, आणि तिच्या बोलण्यावर अजिनाथ बोलत होता, अंगद त्याला दटावत होता, मागं डिस्क टकटकत होती. धाकटी फोनात तोंड घालून बसते, हे मात्र स्पष्ट आलं होतं. मग कोंबडी. मग "हूं तरी म्हणा," आणि त्याच्या मागोमाग एक घोगरा हूं. मग कुकर.

"मला पाठव," संगीता म्हणाली.

"मला बी," दिपाली म्हणाली.

"ते फोनातलं वाक्य काढून टाकू का?" योगितानं विचारलं.

"एक अक्षर काढू नको," त्रिंबक म्हणाला.

तो मेसेज संगीताकडं गेला, अंगदकडं, अजिनाथकडं, तिथून भावकीच्या ग्रुपवर, तिथून वडवणी, चौसाळा, माजलगाव, पाटाखालच्या धनगरांपर्यंत. धाकट्या सुनेची अब्रू आता कितीतरी फोनांत जपून ठेवलेली आहे.

"आता ह्याला म्हणतात प्रत," सोमनाथ म्हणाला. त्याला चहा दुसऱ्यांदा दिला गेला, आणि वाटणीपासूनचा रुसवा त्यानं बशीत ओतून पिऊन टाकला.

अंगदची डिस्क पुण्याला नेली तर उघडून आतलं काढून देणारे लोक आहेत, असं सोमनाथ जाताना सांगून गेला. अजिनाथ म्हणाला, डिस्क दादाच्या वाट्याची, दादानं न्यावी. अंगद म्हणाला, मोबाईलचं दुकान कुणाचं, पुण्याला माल आणायला कोण जातं? सोमनाथला विचारावं तर जावयाला किती वेळा कामाला लावायचं? दोन्ही भावांनी आईची शपथ घेतली की ह्या वेळी हयगय होणार नाही.

डबा त्रिंबकच्या खाटेखाली आहे. अजिनाथची डिस्क अजिनाथच्या दुकानात आहे. अंगदची डिस्क दिपालीनं पुसून परत टाकांशेजारी ठेवली आहे. ती पुण्याला न्यायची अजून राहिली आहे.